मोट बांधणारा महापौर

१ एप्रिल २००१ रोजी मध्यरात्रीचे बाराचे ठोके पडताच ॲमस्टरडॅमच्या नगरपालिका भवनात महापौर योब कोहेन यांनी चार जोडप्यांचे विवाह लावले. तीन जोडपी पुरुषांची होती, एक स्त्रियांचे. समलिंगी व्यक्तींना विवाहाचा पूर्ण हक्क देणारा जगातील पहिला कायदा त्या क्षणी अमलात आला होता आणि जगभरच्या छायाचित्रकारांनी ते दृश्य टिपून घेतले. त्याच मध्यरात्री नेदरलँड्समध्ये आणखी एक कायदा लागू झाला. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही. परकीयांचा प्रवेश, निवास आणि आश्रय यांचे नियमन करणारा हा 'परकीय नागरिक कायदा २०००'. युरोपातील कठोर आश्रय-कायद्यांत त्याची लगेच गणना होऊ लागली. हे दोन्ही कायदे संसदेतून पार पाडणारे न्याय खात्याचे राज्यमंत्री एकच होते आणि ते म्हणजे जानेवारीत महापौरपदी आलेले हेच कोहेन.

एका हाताने दार उघडणारा आणि दुसऱ्या हाताने कडी घालणारा हा कायद्याचा प्राध्यापक पुढे 'मवाळ' म्हणून ओळखला गेला आणि त्या शिक्क्याची किंमतही त्याने मोजली. त्याच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहण्याचे निमित्त हॉलंडच्या संसदेनेच पुरविले आहे. जुलै २०२५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने आश्रितांचे पुन्हा दोन वर्ग पाडणारे विधेयक मंजूर केले. आश्रितांचा वर्ग एकच असावा, हा तर २००० च्या कायद्याचा कणा होता.

कोहेन यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९४७ चा, हार्लेम शहरातला. घराणे ज्यू, विद्याव्यासंगी. वडील मध्ययुगाचे इतिहासकार. पुढे ते लायडन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जर्मन अंमलात आई-वडील लपून राहिल्यामुळे वाचले. वडिलांचे आई-वडील बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत मृत्युमुखी पडले. मुलाने ग्रोनिंगेनला कायद्याची पदवी घेतली, लायडनला १९८१ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि मग मास्ट्रिख्टच्या नव्या विद्यापीठात कायदा विद्याशाखा उभी करण्याचे काम अंगावर घेतले. १९८३ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले, १९९१ मध्ये कुलगुरू. १९९३ मध्ये शिक्षण खात्याच्या राज्यमंत्र्यांना पदभार घेतल्यावर काही दिवसांतच पायउतार व्हावे लागले, तेव्हा मजूर पक्षाने रिकामी जागा भरण्यासाठी कोहेन यांना बोलावले. वर्षभराने ते विद्यापीठात परतले. पुढे वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व आणि १९९८ मध्ये विम कोक यांच्या दुसऱ्या मंत्रिमंडळात न्याय खात्याचे राज्यमंत्रीपद, असा हा प्रवास. या साऱ्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोहेन यांना पदे मिळाली ती नेमणुकीने किंवा अप्रत्यक्ष निवडीने. वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत ते कनिष्ठ सभागृहाचे सदस्य झालेले नव्हते.

न्याय खात्यात त्यांच्या पुढ्यात आलेला प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही सचिवालयाला ओळखीचा वाटेल. कायद्यात आश्रितांचे अनेक दर्जे होते. एखाद्याला पूर्ण निर्वासित म्हणून मान्यता मिळे, दुसऱ्याला मानवतेच्या भूमिकेतून राहू दिले जाई, तिसऱ्याला मायदेश शांत होईपर्यंत सशर्त परवाना मिळे. दर्जा बदलला की कुटुंब आणण्याचे, नोकरीचे, घराचे हक्क बदलत. साहजिकच खालचा दर्जा मिळालेला मनुष्य वरच्या दर्जासाठी दावा लावी. म्हणजे ज्यांना देशात राहू द्यायचे ठरलेच होते, त्यांच्याही फायली वर्षानुवर्षे न्यायालयात फिरत. खात्याकडे आधी हरकत, मग न्यायालय, मग नवा अर्ज अशी ती परिक्रमा होती. २००० साली आश्रयाचे अर्ज ४३ हजारांवर गेले, तेव्हा यंत्रणा जवळजवळ ठप्प झाली.

कोहेन यांनी केलेला उपाय खास कायदेपंडिताचा होता. सर्व आश्रितांना एकच दर्जा आणि एकसारखे हक्क दिले, म्हणजे वरच्या पायरीसाठी भांडण्याचे कारणच उरत नाही. परवाना आधी तीन वर्षांचा, मग कायमचा. (पुढे ही मुदत पाच वर्षे झाली.) खात्याकडील हरकतीचा टप्पा काढून टाकला. त्याऐवजी नकार देण्याचा मानस अर्जदाराला आधी लेखी कळवायचा, त्याचे म्हणणे घ्यायचे आणि मग निर्णय करायचा; आपल्याकडील 'कारणे दाखवा' नोटिशीसारखाच हा प्रकार. निर्णयाविरुद्ध थेट न्यायालय, आणि त्यावर राज्य परिषदेकडे अपील. ही राज्य परिषद सरकारला विधेयकांवर सल्ला देते आणि तिचाच एक विभाग प्रशासकीय दाव्यांचे सर्वोच्च न्यायासन म्हणून काम पाहतो. कायद्याची धार मात्र एका वेगळ्या तरतुदीत होती. नकाराचा आदेश निघाला की त्याच एका आदेशाने निवासाचा हक्क संपे, ठरावीक मुदतीनंतर सरकारी निवारा संपे आणि देशाबाहेर काढण्याचा अधिकारही सरकारला मिळे. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा आदेश आणि वेगळे अपील ही सोय बंद झाली.

निर्वासितांचे वकील आणि संस्था यांनी याविरुद्ध रान उठवले. आधीपासून चालत आलेली आणि नव्या कायद्यात अधिक वापरात आलेली ४८ तासांची शीघ्र प्रक्रिया हा टीकेचा मुख्य रोख होता. हे तास कार्यालयीन हिशोबाचे, म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार दिवस. छळातून सुटून आलेल्या माणसाने तेवढ्या वेळात आपली कहाणी पुराव्यासह मांडायची. २००३ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने या पद्धतीवर कठोर अहवाल लिहिला; ती बदलायला २०१० उजाडले. अर्जांची संख्या मात्र २००३ पर्यंत १३ हजारांच्या आसपास उतरली. त्याचे सारे श्रेय किंवा दूषण या एका कायद्याला देता येणार नाही, कारण त्या वर्षांत युरोपभर ओघ आटत होता. तरीही ज्यांच्या आजी-आजोबांना कोणत्याही देशाच्या दाराने वाचवले नाही, अशा गृहस्थाने हा कायदा करावा, याची चर्चा होणे अटळ होते. कोहेन यांची भूमिका अशी की, ज्याला खरोखर आश्रय हवा त्याला तो लवकर मिळायचा असेल, तर ज्याला तो देणे नाही त्याला लवकर नाही म्हणता आले पाहिजे. ही भूमिका तर्काला पटते. प्रश्न फक्त 'लवकर' म्हणजे किती लवकर एवढाच होता, आणि तिथे ४८ तासांचे समर्थन अवघड होते.

या कायद्याशी मराठी वाचकाचाही धागा आहे. १ ऑक्टोबर २००४ पासून हॉलंडने उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठी 'ज्ञान-स्थलांतरित' योजना सुरू केली. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टलफेन गावात आज जी भारतीय वस्ती दिसते, ज्यात पुण्या-मुंबईचे संगणक अभियंतेही आहेत, ती बरीचशी या योजनेतून वाढली. त्यांचे निवास परवाने निघतात ते याच २००० च्या कायद्याखाली. पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की डच नागरिकत्व न घेताही नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदान करता येते. हा हक्क मात्र कोहेन यांच्याही आधीचा; परकीय रहिवाशांनी १९८६ मध्ये तो पहिल्यांदा बजावला.

ॲमस्टरडॅमचे महापौरपद म्हणजे काय, हे दिल्लीतल्या वाचकाला थोडे उलगडून सांगायला हवे. दिल्ली किंवा मुंबईचा महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, कार्यकारी सत्ता मात्र सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती असते. हॉलंडमध्ये महापौरच नेमलेला असतो. नगरपरिषद नाव सुचविते आणि सहा वर्षांसाठी राजाच्या आदेशाने नेमणूक होते. तो परिषदेचा आणि कार्यकारी मंडळाचाही अध्यक्ष असतो, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेची जबाबदारी व्यक्तिशः त्याची असते. महापौर, मुख्य सरकारी वकील आणि पोलिसप्रमुख यांची त्रिकोणी बैठक शहराची सुरक्षा ठरविते. थोडक्यात, आपल्याकडचा महापौर, आयुक्त आणि काही अंशी पोलीस आयुक्तही एकाच खुर्चीत. ही पद्धत बदलून महापौर थेट निवडून आणण्याचा मार्ग मोकळा करणारी घटनादुरुस्ती मार्च २००५ मध्ये वरिष्ठ सभागृहात फेटाळली गेली. तिला विरोध करण्यात आघाडीवर होते मजूर पक्षाचे एड व्हान थाइन, जे स्वतः ॲमस्टरडॅमचे माजी महापौर. संबंधित मंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

अशा खुर्चीसाठी कोहेन जणू घडवलेलेच होते. नेमलेल्या महापौराने कोणाची बाजू घ्यायची नसते, सर्वांना धरून राहायचे असते. हे काम त्यांनी ज्या शब्दांत सांगितले, त्यांचा मराठीत अगदी नेमका पर्याय आहे: मोट बांधून ठेवणे. २००२ च्या नववर्षाच्या भाषणात त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. स्थलांतरित मुसलमानांना डच समाजात सामावून घ्यायचे तर त्यांच्या धर्माच्या वाटेनेच ते सोपे जाईल, असे त्यांनी सुचविले. काही आठवड्यांपूर्वीच काबूल पडले होते, आणि देशात पिम फोर्टाउन नावाचा वक्ता इस्लामविरोधी लाटेवर स्वार होत होता. सेक्युलर ॲमस्टरडॅमला मशिदीशी बोलणारा महापौर रुचला नाही. 'चहा पीत बसणारा महापौर' ही टवाळी सुरू झाली. महाराष्ट्रात अधिवेशनाच्या पूर्वसंध्येच्या चहापानावर विरोधकांचा बहिष्कार असतो, एवढाच चहाचा राजकीय अर्थ. हॉलंडमध्ये चहा ही शिवी झाली.

२ नोव्हेंबर २००४ च्या सकाळी चित्रपट दिग्दर्शक आणि स्तंभलेखक थिओ व्हॅन गॉग सायकलवरून जात असताना मोहम्मद बुयेरी या तरुणाने ॲमस्टरडॅमच्या भर रस्त्यात त्यांना गोळ्या घातल्या, गळ्यावर सुरा चालवला आणि धमकीचे पत्र सुऱ्याने छातीत खुपसले. चित्रकार व्हॅन गॉग यांच्या भावाचे हे पणतू. इस्लाममधील स्त्रीच्या स्थितीवर खासदार अयान हिरसी अली यांनी लिहिलेला एक लघुपट त्यांनी केला होता. मारेकरी ॲमस्टरडॅममध्येच जन्मलेला, तिथेच शिकलेला, अस्खलित डच बोलणारा, मोरोक्कन आईबापांचा मुलगा. गुप्तचर यंत्रणेला तो ठाऊक होता, पण एका टोळक्याच्या कडेचा इसम म्हणून.

व्हॅन गॉग यांनी ज्यांच्यावर सर्वांत विखारी लिहिले, त्यांत खुद्द कोहेन होते. त्या संध्याकाळी काय करायचे, हा निर्णय महापौराचा. मूक मोर्चाची प्रथा होती, परंतु मृताच्या स्वभावाला मौन शोभणारे नव्हते. म्हणून डाम चौकात थाळ्या, भांडी, शिट्ट्या घेऊन लोकांना बोलावले गेले. सुमारे २० हजार लोक जमले. कोहेन बोलले ते थोडेच. व्हॅन गॉग अनेकांशी भांडत, माझ्याशीही भांडले, आणि या देशात तसे भांडता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे एक वाक्य त्यांच्या साऱ्या व्याख्यानांपेक्षा वजनदार ठरले. शोक करताना त्यांनी मृताला संत केले नाही, आणि भाषणस्वातंत्र्याचा अर्थ स्वतःवर झालेल्या शिवीगाळीच्या उदाहरणाने सांगितला. काही दिवसांनी उपपंतप्रधान खेरिट झाल्म यांनी 'युद्ध' हा शब्द उच्चारला. मशिदी, चर्च आणि शाळांवर देशभर हल्ले झाले. उडेन गावातील इस्लामी शाळा जळाली. ॲमस्टरडॅम तुलनेने शांत राहिले. या शांततेमागे चहा होताच. कोणत्या वस्तीत कोणाला दूरध्वनी करायचा, कोणत्या इमामाशी, कोणत्या शिक्षकाशी, कोणत्या तरुण मंडळाशी बोलायचे, हे महापौर कार्यालयाला माहीत होते. मोरोक्कोत जन्मलेले नगरपालिकेचे सभासद अहमद अबुतालेब यांनी मशिदीत जाऊन सुनावले की, ज्यांना इथली मूल्ये मान्य नसतील त्यांनी आपला मार्ग धरावा. महापौर मवाळ बोलला आणि स्थलांतरिताचा मुलगा कठोर बोलला. ही वाटणी ठरवून केलेली असो वा नसो, ती उपयोगी पडली. हेच अबुतालेब २००९ पासून २०२४ पर्यंत रोटरडॅमचे महापौर होते.

२००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने कोहेन यांना युरोपच्या वीरांत स्थान दिले. २००६ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ॲमस्टरडॅमच्या ४५ पैकी २० जागा मिळविल्या, त्यात स्थलांतरितांच्या मतांचा मोठा वाटा होता. पण त्यांचा कारभार सर्वत्र असा सफल झाला नाही. शहराच्या पोटातून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण मेट्रोच्या खोदाईने २००८ मध्ये जुनी घरे खचली, खर्च फुगत गेला आणि ही मार्गिका सुरू व्हायला २०१८ उजाडले; तोवर तीन अब्ज युरोंच्या वर पैसा ओतला गेला होता. सर्वांशी जमवून घेणारा अध्यक्ष अभियंत्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या आशावादालाही धरून राहतो, हा या गुणाचा दुसरा पैलू. वेश्यावस्तीतील गुन्हेगारी पैशाविरुद्ध मात्र त्यांनी परवाने नाकारण्याच्या नव्या कायद्याचे हत्यार चिकाटीने वापरले. तिथे पुन्हा प्राध्यापक जागा झाला होता.

२००७ मध्ये जुना कायदा त्यांच्या दारी परत आला. १ एप्रिल २००१ पूर्वी अर्ज करून वर्षानुवर्षे लटकलेल्या सुमारे २७ हजार आश्रयेच्छूंना सरकारने सरसकट अभय दिले. एक अट अशी होती: अर्जदार या काळात हॉलंडमध्येच राहत होता, याला आधार हवा, सरकारी दफ्तरात तो नसेल तर महापौराचा दाखला. ज्यांच्या रेंगाळलेल्या फायलींना कंटाळून कोहेन यांनी नवा कायदा केला, त्यांच्याच फायलींसाठी आता त्यांच्या कार्यालयातून दाखले निघाले.

फेब्रुवारी २०१० मध्ये अफगाणिस्तानातील सैन्याच्या प्रश्नावर बाल्केनेंडे मंत्रिमंडळ कोसळले. मार्चमध्ये मजूर पक्षाचे नेते वाउटर बोस यांनी राजकारण सोडले आणि कोहेन यांच्या गळ्यात माळ पडली. २००३ मध्येही पक्षाने त्यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून पुढे केले होते, पण तेव्हा महापौरपद सोडावे लागले नव्हते. आता ते सोडले. जनमत चाचण्यांत पक्ष एकदम वर चढला, आणि प्रचार सुरू होताच उतरू लागला. निवडणूक कर्जसंकटाच्या सावलीत होती. चर्चेत आकडे विचारले जात, आणि कोहेन अडखळत. दोन्ही बाजू समजावून सांगण्याची सवय वर्गात चालते, दूरचित्रवाणीवर ती अनिश्चितता दिसते. ९ जूनला निकाल लागला: मार्क रुटे यांचा व्हीव्हीडी ३१, मजूर पक्ष ३०, खेर्ट विल्डर्स यांचा पक्ष २४. एका जागेने पंतप्रधानपद हुकले, आणि ऑक्टोबरमध्ये रुटे यांचे अल्पमतातील सरकार विल्डर्स यांच्या पाठिंब्याने आले.

विरोधी नेता म्हणून कोहेन यांची खरी कसोटी लागली, आणि ते तीत उतरले नाहीत. युरो वाचविण्याच्या ठरावांना विल्डर्स विरोध करीत, तेव्हा सरकारला मजूर पक्षाने तारले. देशहिताच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण विरोधी बाकावर बसून सरकारला आधार देण्याचे श्रेय मिळत नाही, आणि डावे मतदार समाजवादी पक्षाकडे निघाले. विल्डर्स यांच्याशी वाद घालायचा तर मोट बांधणाऱ्याला मोट सोडून दंड थोपटावे लागतात, आणि ते त्यांच्या प्रकृतीत नव्हते. २० फेब्रुवारी २०१२ रोजी पक्षातील कुरबुरी चव्हाट्यावर आल्या असताना त्यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. हेगच्या राजकारणात आपण कमी पडलो, याची कबुली त्यांनी आडपडदा न ठेवता दिली. सात महिन्यांनी नव्या नेत्याखाली पक्षाने ३८ जागा मिळविल्या. धोरण फारसे बदललेले नव्हते, बोलणारा बदलला होता.

नंतर सरकारने त्यांना पुन्हा हवे तसे काम दिले. हारेन या छोट्या गावात फेसबुकवरच्या एका वाढदिवसाच्या आमंत्रणातून सप्टेंबर २०१२ मध्ये हजारो तरुण जमून दंगल झाली, तिच्या चौकशी समितीचे ते अध्यक्ष झाले. अहवालाने महापौर आणि पोलिसांच्या पूर्वतयारीवर ठपका ठेवला आणि महापौरांनी राजीनामा दिला. २०१४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना थॉर्बेक अध्यासनावर नेमले. १८४८ ची डच राज्यघटना आणि १८५१ चा नगरपालिका कायदा यांचे शिल्पकार थॉर्बेक हेही लायडनचे कायदेपंडितच. २०१५ मध्ये युवक-कल्याण, वृद्धसेवा आणि रोजगार या जबाबदाऱ्या केंद्राकडून नगरपालिकांकडे आल्या, तेव्हा कोहेन यांच्या पहिल्या व्याख्यानाचा विषय होता की, या साऱ्या विकेंद्रीकरणात स्थानिक लोकशाही कुठे आहे.

आणि आता आश्रितांचा प्रश्न. नव्या विधेयकात व्यक्तिगत छळामुळे पळून आलेल्यांना वरचा दर्जा आणि युद्धामुळे पळालेल्यांना कमी हक्कांचा खालचा दर्जा सुचविला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य परिषदेने या विधेयकावर प्रतिकूल सल्ला दिला. खालचा दर्जा मिळालेले लोक वरच्यासाठी दावे लावतील आणि आधीच तुंबलेली न्यायालये व परवाना खाते आणखी तुंबतील, असा इशारा तिने, न्यायसंस्थेने आणि खुद्द परवाना खात्यानेही दिला. १९९९ मध्ये राज्यमंत्री कोहेन यांनी संसदेपुढे मांडलेल्या विधेयकामागचा युक्तिवाद नेमका हाच होता. कनिष्ठ सभागृहाने पाच महिन्यांनी विधेयक मंजूर केले.